तपासणीला गेलो नाही, म्हणून भरपाई बुडते का?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात मी पॉवर प्रेसवर काम करतो. पगार 24,000 रुपये असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही. जुलै 2025 मध्ये उजव्या तर्जनीची दोन पेरे तुटली आणि तेव्हापासून कंपनीकडून भरपाई म्हणून दर पंधरवड्याला 3,750 रुपये मिळत होते. घरी हात सांभाळायला कोणी नसल्याने मी महाडजवळच्या गावी गेलो. तिथे जखम चिघळून ताप आला असतानाच कंपनीने ऐरोलीतील डॉक्टरांकडे तपासणीला बोलावले. मला जाता आले नाही. आता ‘तपासणी नाकारल्याने हक्क संपला’ असे सांगून पैसे थांबवले आहेत. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : हक्क संपलेला नाही. अपघात 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीचा, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा असल्याने तुमच्या बाबतीत 1923 चा कर्मचारी भरपाई अधिनियमच पाहावा लागेल. त्याच्या कलम 11 प्रमाणे, अर्धमासिक, म्हणजे दर पंधरवड्याची, रक्कम घेणाऱ्या कामगाराने मालकाने विनामूल्य देऊ केलेल्या वैद्यकीय तपासणीस वेळोवेळी हजर राहिले पाहिजे. त्याने ती नाकारली, तर जितके दिवस नकार चालू राहील तितकेच दिवस भरपाईचा हक्क तहकूब राहतो आणि त्या दिवसांची रक्कम मिळत नाही. मात्र हजर न राहण्यास पुरेसे कारण असेल, तर हक्क तहकूबही होत नाही. तापाने अंथरुणावर असणे हे असे कारण ठरू शकते, पण ते सिद्ध करण्यासाठी त्या तारखांचा डॉक्टरांचा दाखला हवा. शिवाय राहते ठिकाण सोडणे प्रकृतीला मानवणार नसेल, तर कामगाराला अन्यत्र बोलावता येत नाही, असे नियम सांगतात; डॉक्टरला तुमच्याकडे पाठवण्याचा मार्ग कंपनीला मोकळा होता. गावी जाताना पत्ता लेखी कळवला असता, तर हा वाद बहुधा उद्भवलाच नसता.

कंपनीचा डॉक्टर कंपनीचीच बाजू घेणार, ही शंका मी अनेक कामगारांकडून ऐकली आहे आणि ती समजण्यासारखीही आहे. तरीही तपासणी टाळू नका, कारण त्या डॉक्टरांचे मत अंतिम नसते. वाद झाल्यास निर्णय याच कायद्याखाली नेमलेले भरपाई आयुक्त देतात आणि तुमच्या डॉक्टरांचा अहवालही तेथे पुरावा म्हणून मांडता येतो.

तेव्हा ‘मी तपासणीस तयार आहे, दिवस कळवावा’ असे पत्र दाखल्याच्या प्रतीसह पोचपावतीने पाठवा. पैसे तरीही सुरू झाले नाहीत, तर आयुक्तांकडे अर्ज करा. देय रक्कम महिन्याच्या आत न दिल्यास वार्षिक 12 टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड मालकावर बसू शकतो. रक्कम 3,750 रुपयेच का, असेही मनात आले असेल : हिशेबासाठी मासिक वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाते आणि त्याचा चौथा हिस्सा पंधरवड्याला मिळतो.

जखमेवरचे उपचार मात्र खंड न पाडता चालू ठेवा आणि प्रत्येक भेटीचा कागद जपा, कारण अवाजवीपणे उपचार टाळल्याने इजा वाढल्याचे मालकाने सिद्ध केले, तर त्या वाढीव अपंगत्वाची भरपाई मिळत नाही.