जोड्यांची बेरीज

प्रश्न : मी हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकतो आहे. पडद्यावरील बिंदूंची स्थाने मी (१, २) अशा ट्यूपलांत, म्हणजे कंसातल्या जोड्यांत, ठेवतो. परंतु (१, २) + (३, ४) असे लिहिताच, ‘नम’ या टाइपक्लासचा (संख्यांवरील क्रियांच्या यादीचा) इन्स्टन्स (या प्रकारासाठी त्या क्रियांची व्याख्या) नाही, अशी तक्रार कंपायलर करतो. हा इन्स्टन्स मी स्वतः लिहावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : लिहिता जरूर येतो. ‘दोन्ही घटक नम असतील तर त्यांची जोडीही नम’ असे सांगून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, ॲब्स (केवल मूल्य), सिग्नम (चिन्ह) आणि फ्रॉमइंटिजर (पूर्णांकापासून त्या प्रकारचे मूल्य बनवणे) या सहा क्रिया घटकागणिक लिहिल्या की आपल्याला हवे असलेले (४, ६) मिळते. तरीही तो लिहू नये, असेच मी आपणांस सुचवेन.

बेरजेबद्दल वाद नाही. गुणाकाराबद्दल मात्र आहे. घटकागणिक गुणाकार केला तर याच दोन जोड्यांचे उत्तर (३, ८) येते आणि त्या संमिश्र संख्या मानल्या तर (-५, १०). सदिश मानून बिंदुगुणाकार केला तर ११ येतात, म्हणजे उत्तर जोडीच राहत नाही. आपल्या बिंदूंना यांपैकी कशाचीच गरज नसताना नम मात्र एक गुणाकार पदरात टाकतोच.

त्याहून अधिक जपायचे ते फ्रॉमइंटिजरला. हास्केलमध्ये लिहिलेला प्रत्येक पूर्णांक याच फंक्शनमधून जातो. त्यामुळे इन्स्टन्स दिल्यावर (१, २) + ५ यातील ५ चे (५, ५) होऊन उत्तर निमूटपणे (६, ७) येते. दुसरा घटक लिहायचा राहून गेला असेल, तर आजवर ती चूक कंपायलर दाखवत होता. आता ती आपल्यालाच शोधावी लागेल. शिवाय नम आणि ट्यूपल ही दोन्ही प्रमाण लायब्ररीची असल्याने, असाच इन्स्टन्स देणारी दुसरी लायब्ररी वापरली की दोहोंची टक्कर होते.

म्हणून ‘डेटा’ हा हास्केलचा शब्द वापरून बिंदूचा स्वतंत्र टाइप करावा आणि त्याच्यासाठी बेरजेचे एक साधे फंक्शन लिहावे. जोडीचे घटक काय आहेत, हे नुसत्या ट्यूपलवरून कळत नाही. रुपये आणि पैसे जोडीत ठेवले, तर (१२, ७५) आणि (३, ५०) यांची बेरीज वरील इन्स्टन्स (१५, १२५) अशी देईल, आणि दुकानदार मात्र १६ रुपये २५ पैसेच मागेल.