दिंडीची वेबसाइट: मजकूर चित्रात अडकवू नका

रामकृष्णहरी दादा. तुमच्या गावच्या विठ्ठल मंदिराची दिंडी माऊलींच्या सोहळ्यात चालते, विश्वस्तांनी वेबसाइट करायचं ठरवलंय, पुतण्या ती करून द्यायला तयार आहे आणि वयस्कर मंडळींना, डोळ्यांनी अधू असलेल्यांनाही ती वापरता यावी अशी तुमची इच्छा आहे. ही शेवटची अट तुम्ही आपणहून घातलीत याचा फार आनंद झाला. आमच्या दिंडीची वेबसाइट मी बरीच वर्षं सांभाळतोय. पुतण्याला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा: मजकूर टाइप केलेला हवा, चित्रात अडकलेला नको.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. सप्ताहाची पत्रिका डीटीपीवाला करतो, त्याचाच फ्लेक्स होतो, त्याचीच जेपीजी व्हॉट्सॲपवर फिरते आणि तीच उचलून वेबसाइटवर लावली जाते. काकड्यापासून काल्याच्या कीर्तनापर्यंतचं सगळं वेळापत्रक त्या एका चित्रात. दृष्टिहीन माणसाचा फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, पण अशा पत्रिकेवर आला की बऱ्याचदा नुसतं ‘चित्र’ म्हणून पुढे जातो. मोतीबिंदू झालेल्या आजी ते चित्र मोठं करतात, मग एक ओळ वाचायला दहा वेळा इकडून तिकडे सरकवावं लागतं. परवाच्या कीर्तनाची वेळ मुंबईच्या बहिणीला पाठवायची तर तेवढी ओळ सहज उचलता येत नाही. गूगलवर शोधणाऱ्यालाही ती सहजी सापडत नाही. तीच पत्रिका टाइप करून टाकली की या सगळ्या अडचणी एकदम सुटतात, शिवाय रेंज कमी असेल तरी अक्षरं आधी उमटतात. फ्लेक्सचं चित्र खुशाल ठेवा, पण मजकुराच्या खाली.

टाइप करायचा कंटाळा येत असेल तर एकाने पत्रिका वाचावी आणि फोनला मराठीत ऐकून लिहू द्यावं, मग नावं तेवढी तपासावीत. डीटीपीवाल्याची फाइल जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असेल तर तिथला मजकूर वेबवर भलत्याच चिन्हांत उमटतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या लिपीच्या पद्धतीत बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घाला. आणखी एक गोष्ट पुतण्याकडून आवर्जून करून घ्या. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण असते, ती इंग्रजीची राहिली असेल तर मराठीची करायची. नाहीतर वाचून दाखवणारा आवाज इंग्रजी लागतो आणि देवनागरी एकतर वेडीवाकडी वाचतो किंवा गाळतोच.

आता पानावर काय असावं? लोक मंदिरात फोन करून जे विचारतात ते, आणि तेही त्याच क्रमाने. एरवी दर्शनाची वेळ, एकादशीचं कीर्तन कोणाचं, महाप्रसाद कधी, सप्ताहात पंगत द्यायची तर कोणाला भेटायचं. वारीत मात्र घरच्यांचा एकच प्रश्न असतो: आज मुक्काम कुठे? आई चालतेय, तिचा फोन बंद आहे, मुलगा पुण्यात ऑफिसात बसून काळजी करतोय. म्हणून त्या दिवसांत पहिल्या पानाची पहिली ओळ हीच ठेवा: आजचा मुक्काम, दुपारचा विसावा, उद्याचा मुक्काम. सोबत दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढे चालते की रथामागे हेही लिहा, कारण एवढ्या गर्दीत शोधायला येणाऱ्याला त्याच खुणेचा आधार असतो. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असं करत वाखरीपर्यंतचं संपूर्ण वेळापत्रक त्याखाली. तळावर आपली राहुटी नेमकी कुठे आहे तेही एका वाक्यात सांगा.

तारखांच्या बाबतीत फार काटेकोर राहा. आषाढी एकादशी २०२४ साली १७ जुलैला होती, २०२५ साली ६ जुलैला, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती थेट २५ जुलैला. गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच राहिलं तर कोणीतरी त्यावर विसंबून रजा टाकतं, तिकीट काढतं. म्हणून तिथी, तारीख, वार आणि साल ही चारही प्रत्येक ठिकाणी लिहा. पानाच्या खाली ‘शेवटचा बदल अमुक तारखेला’ अशी ओळ हवी. बदल करायची जबाबदारी एकाच माणसाची असावी आणि विश्वस्तांच्या बैठकीत त्याचं नाव लिहून घ्यावं.

रंग भगवा असावा असं सगळ्यांना वाटणार, मलाही वाटतं. पण भगव्यावर पांढरी अक्षरं टाकू नका. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत त्यांत साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका फरक लागतो. नेहमीच्या केशरीवर पांढरं अक्षर जेमतेम २.१ पर्यंत पोचतं, तर काळं अक्षर जवळजवळ १० पर्यंत जातं. भगवी पट्टी, तिच्यावर काळी अक्षरं आणि बाकी पान पांढरं, एवढं पुरेसं आहे. फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’सारखा साधा घ्या, दोन्ही फुकट आहेत. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत घुसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी पद्धत देवनागरीला लावू नका, शिरोरेखा तुटते. सरकत्या पट्ट्या आणि लुकलुकणारी अक्षरं नकोतच.

पान उघडताच आरती सुरू होऊ देऊ नका. यावर विश्वस्तांशी वाद होईल, पण इथे ठाम राहा. जो माणूस फोनचा आवाज ऐकूनच पान वाचतो, त्याच्या कानात त्याच वेळी टाळमृदंग वाजायला लागले तर त्याला वाचताच येत नाही. आरतीचं बटण ठेवा, ज्याला ऐकायची असेल तो दाबेल. कीर्तनाचे व्हिडिओ टाकणार असाल तर निरूपणाला घेतलेला अभंग खाली टाइप करा, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही काहीतरी हाती लागेल.

फोटोंना शब्दांत वर्णन जोडायची सोय असते, ती वापरा. ‘फोटो ३’ नव्हे, ‘रिंगणात धावणारा माऊलींचा अश्व, कडेला पताका घेतलेले वारकरी’ असं.

मंदिराचा पत्ता देताना एसटी स्टँडपासून कसं यायचं ते लिहा आणि पायऱ्या किती, कठडा आहे का, चाकाची खुर्ची कुठवर येते, शौचालय कुठे, हेही खरंखरं लिहा. उतार नसेल तर नाही म्हणून लिहा. घरातून निघण्याआधी ते कळणं हीच त्या माणसाची मोठी सोय आहे. फोन नंबर विश्वस्त मंडळाचा द्या, तोही बोट लावताच लागेल असा.

देणगीच्या पानावर क्यूआर कोडसोबत यूपीआय आयडी अक्षरांत लिहा आणि पैसे पाठवताना पडद्यावर कोणतं नाव दिसलं पाहिजे तेही सांगा, म्हणजे बनावट कोडपासून लोक वाचतील. विश्वस्त संस्थेचा नोंदणी क्रमांक तिथेच हवा. देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत, जिला ८०जी म्हणतात, ती निव्वळ धार्मिक संस्थेच्या देणगीवर सहसा मिळत नाही, तेव्हा तुमच्याकडे ती नोंदणी असेल तरच तसं छापा. परदेशातल्या गावकऱ्यांबाबत विशेष जपा. भारतीय नागरिकत्व असलेल्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याची धरली जाते आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसेल तर पानावर स्पष्ट लिहून टाका आणि एकदा सीएला विचारा.

दिंडीची नावनोंदणी आणि भिशी, म्हणजे वारकऱ्यांकडून घ्यायची वर्गणी, ऑनलाइन घेणार असाल तर अर्ज छोटा ठेवा: नाव, वय, घरच्यांचा फोन, एखादा आजार किंवा चालू औषध. आधारची प्रत मागवून वेबसाइटवर साठवू नका. आणि ज्या आजींकडे साधा फोन आहे त्यांची नावनोंदणी मंदिरातल्या वहीत पूर्वीसारखीच चालू ठेवा.

काम झालं की जाहीर करण्याआधी गावातल्या एखाद्या दृष्टिहीन भजनकऱ्याला बोलवा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक ही पडदा वाचून दाखवणारी सोय असते, ती चालू करा आणि त्यांना एवढंच सांगा: उद्याचं कीर्तन किती वाजता आहे ते शोधा. तुम्ही शेजारी बसा, पण बोट दाखवू नका. जिथे ते अडतील ते दुरुस्त करा.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, पुतण्याच्या नावावर घेऊ नका. संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर घ्या आणि नूतनीकरणाची तारीख पासवर्डसकट दप्तरात लिहून ठेवा. पोरगं उद्या नोकरीला बाहेरगावी जाईल, दिंडी दरवर्षी निघायची आहे.