वाचकांचे प्रश्न : अपुरी कादंबरी आणि देवघेवीची वही

(या महिन्यात बडोद्याच्या एका कादंबरीकार लेखिकेने दिलेली उत्तरे.)

प्रश्न : बडोदे संस्थानाच्या फिरत्या वाचनालयांवर आपण कादंबरी लिहीत असल्याचे मागे वाचले होते. ती कुठवर आली, की सोडून दिली? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : सोडलेली नाही, पण सध्या ती अडली आहे. विषय ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर मुलांच्या हाती पुस्तक पडले नाही तर शिकलेली अक्षरेही विसरली जातात, म्हणून 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे खाते उभारले, आणि त्या खात्याकडून खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. माझा नायक या खात्यातला मराठी कारकून आहे आणि त्याच्या पेट्या गुजराती खेड्यांत जातात.

पेटी भरण्यापासून ती गाडीत चढेपर्यंतची प्रकरणे लिहून झाली आहेत, कारण पेट्या, पुस्तके आणि खर्च यांच्या आकड्यांबाबत सरकारी अहवाल सढळ असतात. पेटी गावात उघडली की मात्र अहवाल गप्प होतो. पुस्तक कुणी नेले, घरी कुणी कुणाला वाचून दाखवले, की मास्तरांनी पेटी कोपऱ्यात ठेवून मुदत संपताच तशीच परत धाडली, हे त्यात नसते. कादंबरीकाराने कल्पना करावी, असे मला सुचवले जाते. अडचण अशी की माझा कारकूनच कल्पनेवर जगतो. आपली पुस्तके गावोगाव वाचली जातात, अशी त्याची ठाम समजूत आहे. ती कितपत खरी होती हे मला ठाऊक नसेल, तर त्याच्याकडे आदराने पाहायचे की थोडे हसून, हेच ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय पुढचे एक वाक्यही धड उतरत नाही.

अलीकडे एका खेड्यातल्या वाचनालयाची देवघेवीची जुनी वही पाहायला मिळाली. तारीख, पुस्तकाचा क्रमांक, नेणाऱ्याची सही आणि परत केल्याची खूण, एवढेच रकाने. एका माणसाच्या नावावर तेच पुस्तक पुन्हा पुन्हा गेले होते. नेताना त्याची वळणदार सही आणि परत करताना दर वेळी कुणाचा तरी अंगठा. म्हणजे नेणारा साक्षर आणि आणून देणारे निरक्षर. पण ते पुस्तक पुन्हा पुन्हा हवे होते कुणाला? अहवालांच्या चळतीतून मिळाले नाही ते मला त्या एका पानाने दिले. अशी आणखी पाने मिळाली तर कादंबरी सुटेल.

प्रश्न : लेखकाच्या पश्चात त्याचे अपुरे लेखन छापावे का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : छापावे, पण सांधा दिसला पाहिजे. राम गणेश गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले तेव्हा त्यांचे ‘राजसंन्यास’ हे नाटक अपुरे होते. ते तसेच बासनात राहिले असते तर त्यातला कारकून जिवाजी कलमदाने मराठी वाचकाला भेटलाच नसता, आणि कारकुनावर कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारखीला तो तोटा केवढा वाटला असता! (गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा, म्हणजे आमच्याच संस्थानातला, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरावा.) रेव्हरंड टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, पण ते उघडपणे, स्वतःच्या नावाने. मला राग येतो तो गाळलेल्या जागा गुपचूप भरणाऱ्या संपादकांचा. माझ्यापुरते मी घरी सांगून ठेवले आहे की कादंबरीचे खर्डे हवे तर छापा, कथांची फाइल मात्र रद्दीत घाला. त्या कथा वाईट आहेत म्हणूनच अपुऱ्या आहेत.

प्रश्न : सध्या काय वाचता आहात? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : गोविंद सखाराम सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’, म्हणजे त्यांनी लिहिलेला मराठ्यांचा इतिहास, या खेपेस सलग. सरदेसाई 1889 मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे हे त्यांचे काम होते, आणि त्या शिकवण्याच्या तयारीतूनच रियासतीचा पसारा वाढत गेला. सगळी कागदपत्रे हाती येण्याची वाट पाहत ते लिहायचे थांबले नाहीत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले आणि त्यानंतर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत नव्याने लिहिला. आयुष्यभर लिहिलेल्या विषयाला उतारवयात पुन्हा हात घालण्याची ही उमेद मला त्यांच्या विद्वत्तेहूनही मोठी वाटते. परंतु तो मार्ग इतिहासकाराचा आहे. सनावळी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. पात्राचा स्वभाव एकदा छापला की छापला.

प्रश्न : आपण हाताने लिहिता की संगणकावर? (एक विद्यार्थिनी, ग्वाल्हेर)

उत्तर : पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदांवर, पुढचे सारे संगणकावर.

प्रश्न : आमच्या आजोळी, मेहसाण्याजवळच्या गावी, जुन्या वाचनालयाच्या काही वह्या पडून आहेत. त्या आपल्या उपयोगाच्या आहेत का? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : फारच उपयोगाच्या आहेत. वह्या हलवू नका, फक्त पानांची छायाचित्रे संपादकांकडे पाठवा. रकान्यांची शीर्षके आणि पुठ्ठ्याच्या आतला शिक्का त्यांत येऊ द्या. पाने एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढून सुटी करू नका. गुजराती नोंदी मी स्वतः वाचेन. कुठे मोडी निघाली तर जाणकाराला दाखवावी लागेल, तेव्हा उत्तराला थोडा उशीर होईल.