'गेट'ला घाबरू नका

इंग्रजीतल्या 'गेट' (get) या क्रियापदाचा एकच मराठी अर्थ पाठ करू नका, सुरुवातीला सगळे तिथेच अडकतात. आपलं 'लागणे' बघा ना: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वाटेत गाव लागतं. 'गेट'चंही तसंच. पुढचा शब्द बघितला की अर्थ उलगडतो.

सध्या तीनच धरा:

- पुढे वस्तू: मिळणे किंवा आणणे. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र मिळालं.
- पुढे विशेषण: होणे. 'इट्स गेटिंग डार्क', अंधार पडतोय.
- पुढे ठिकाण: पोहोचणे. 'वी गॉट टू पुणे ॲट नाइन'. पण 'होम'आधी 'टू' नको, नुसतं 'गेट होम'. ही चूक मी फार ऐकते.

'गेट अप', 'गेट ओव्हर' वगैरे महिनाभर बाजूला ठेवा. रोज स्वतःच्या दिवसातली तीन वाक्यं मोठ्यानं बोला. नक्की जमेल.