आयोगाची शिफारस आणि उच्च न्यायालय

प्रश्न : कोठडीतील मारहाणीबद्दल माझ्या भावाने राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने नुकसानभरपाईची आणि संबंधित पोलीस अधिकाऱ्यावर कारवाईची शिफारस केली. त्याविरुद्ध त्या अधिकाऱ्याने उच्च न्यायालयात याचिका दाखल केली आहे. प्रकरण पुन्हा पहिल्यापासून चालेल का?

उत्तर : सहसा नाही. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ मध्ये आयोगाच्या शिफारशीवर अपिलाची तरतूद नसल्याने अधिकाऱ्याने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे उच्च न्यायालयाच्या थेट आदेश देण्याच्या (रिट) अधिकाराखाली, दाद मागितली असणार. अशा याचिकेत न्यायालय साक्षीपुराव्याचे वजन नव्याने करीत बसत नाही. आयोगाला अधिकार होता का, घटनेपासून एक वर्षाच्या आत प्रकरण हाती घेतले होते का, आणि निष्कर्षाला काही आधार आहे का, एवढेच ते पाहते.

अशा शिफारशींचे खरे मर्मस्थान या अधिनियमाचे कलम १६ हे आहे. ज्याच्या वर्तनाची चौकशी करायची किंवा ज्याच्या लौकिकाला बाधा पोहोचण्याचा संभव आहे, त्याला म्हणणे मांडण्याची आणि बचावाचा पुरावा देण्याची वाजवी संधी मिळालीच पाहिजे. केवळ वरिष्ठांचा अहवाल मागवून त्यावर शिफारस केली असेल, तर तक्रार कितीही खरी असली तरी शिफारस रद्द होऊन प्रकरण फेरचौकशीसाठी आयोगाकडे परत जाऊ शकते. म्हणून अधिकाऱ्याला नोटीस कधी बजावली गेली आणि त्याने काय उत्तर दिले, हे आयोगाच्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळवून आधी तपासा.

‘शिफारसच तर आहे’ हा युक्तिवाद सरकारी बाजूने हमखास होतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये कलम १८ खालील शिफारस शासनावर बंधनकारक असल्याचे म्हटले आहे. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नसला, तरी तुमच्या वकिलांनी तो अवश्य पुढे ठेवावा.

याचिकेत भावाला प्रतिवादी केलेले नसेल, तर त्याने विनाविलंब हस्तक्षेप अर्ज (आपलेही म्हणणे ऐकावे असा अर्ज) करावा, कारण त्याच्या गैरहजेरीत शिफारशीला स्थगिती मिळाली तर ती उठवून घेणे जिकिरीचे होते. शिफारस रद्द झाली तरी नुकसानभरपाईचा मार्ग बंद होत नाही: कोठडीतील मृत्यूच्या निलाबती बेहरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच, मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल रिट अधिकारात थेट भरपाई देता येते आणि तेथे राज्याला सार्वभौमत्वाची ढाल (सार्वभौम सत्ता म्हणून आपण भरपाईला जबाबदार नाही, हा बचाव) घेता येत नाही, असे ठरवले आहे.