आकडा रानात नेऊन बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पर्यावरण विषय घ्यायचा ठरवलास, मनापासून बरं वाटलं. पत्राबरोबर तू पाठ केलेल्या आकड्यांची वही पाठवलीस. आकडे बरोबर आहेत, पण त्यातला एकही अजून कोल्हापुरात पोचलेला नाही. पहिलं काम हेच कर. वाचलेला प्रत्येक आकडा आपल्या वाटेवर, आपल्या रानात नेऊन बघ.

पृथ्वीचा व्यास तू 12,742 किलोमीटर लिहिलायस. आता हवेचं बघ. एकूण हवेतली तीन चतुर्थांश हवा जमिनीपासूनच्या पहिल्या 11 किलोमीटरांतच आहे. कोल्हापुरातून गाडीवर पन्हाळ्याला निघालीस, तर निम्म्या वाटेवर तेवढं अंतर भरतं. एवढ्याशा थरात साऱ्या जगाचा धूर मावायचाय! कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते, आज ते 420 च्या पुढे गेलेत. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि धरलेलं पाणी पडतं तेव्हा ते धो धो पडतं.

पण लगेच 2019 च्या महापुराचं सगळं खापर हवामानावर फोडू नकोस. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला हे खरं. पण नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं, कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं जायला वाव राहत नाही, फुगवटा मागं सरकतो. त्यात नदीनं पसरायचं त्या जागेवर आपण भराव टाकून ठेवलेत. कारण कधी एकटं नसतं. प्रत्येक कारण सुटं करून बघायची सवय आत्तापासून लाव.

आता मातीबद्दल, कारण ते माझं दुखणं आहे. आपल्याकडची काळी माती ज्या दगडाची झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दगड झिजून बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. शिरोळकडचं आमचं रान बिघडायला मात्र वडिलांची हयातही पुरली. उसाला जितकं पाणी जास्त तितकं टनेज जास्त, असा तेव्हाचा समज. रात्री लाईट आली की मोटर सुरू, ती पहाटेपर्यंत. निचरा नाही, म्हणून जमिनीतलं पाणी वर वर येत गेलं. वरचं पाणी उन्हानं उडून गेलं, विरघळलेले क्षार तिथंच राहिले. मी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात बांधावरून उतरलो तर पायाखाली पापडासारखा आवाज झाला. सगळीकडं पांढरं. वडील वाकले, चिमूटभर माती जिभेला लावली आणि काही न बोलता घराकडं वळले. पुढं चर खणून सच्छिद्र पाइप पुरले, पाणी मोजून द्यायला लागलो, तेव्हा कुठं रान हळूहळू वळणावर आलं. त्यांनी काही वाईट हेतूनं केलं नव्हतं, हे तू कधी विसरू नकोस. शेतकऱ्याशी बोलताना तर अजिबात नाही. उसाचं पाचट पेटवू नका, सरीत कुजू द्या, हे सांगायचं झालं तर आधी त्याच्याबरोबर एक सरी स्वतः भरून दाखव.

पाण्याचा आकडाही असाच घरी आण. पृथ्वीचा 71 टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, हे वाचून माणूस निर्धास्त होतो. न्हाणीघरातलं शंभर लिटरचं बॅरल म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी असं धर. गोडं पाणी त्यात जेमतेम अडीच लिटर, आणि त्यातलंही बरंचसं बर्फात अडकलेलं. जगातल्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून चहाचे दोन चमचेही भरत नाहीत. रंकाळ्यावर फिरायला जाशील तेव्हा ते चमचे आठव.

वही पुन्हा पहिल्यापासून लिही. डावीकडं जगाचा आकडा, उजवीकडं आपल्याकडची जागा आणि तू स्वतः मोजलेलं काहीतरी. पावसाळ्यात रोज सकाळी बंधाऱ्याची पातळी टिपून ठेव. मेमध्ये सुट्टीला आलीस की आपल्या रानात दोन फुटांचा खड्डा काढू आणि ओल कुठवर आहे ते बघू. खोरं इथं आहे, टेप तेवढी घेऊन ये.

तुझा,
काका