आर्थिक आणि सामाजिक विषमता नेमकी कशामुळे तयार होते? तिचे परिणाम काय होतात?

प्रश्नाखाली तुम्ही ‘पुस्तकी व्याख्या नकोत’ असं लिहिलंय ते बरं केलंत. माझ्याकडे एकच उदाहरण आहे, पण ते जवळून पाहिलेलं आहे. उसाचं.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमची अडीच एकर जमीन. माझं शिक्षण त्याच उसावर झालं. कॉलेज संपल्यावर नोकरी लागेपर्यंत दोन हंगाम मी एका कारखान्यात स्लिपबॉय होतो. म्हणजे फडात, तोड चाललेल्या उसाच्या शेतात, उभं राहायचं आणि कुणाचा ऊस कुठल्या गाडीत भरला त्याची चिठ्ठी फाडायची. तोवर ऊसतोड करणारी माणसं मी फक्त बांधावरून बघितली होती.

या धंद्यात मजूर माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. बायको बाळंत असो की आजारी, ती अर्धा कोयता असते. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, पावसाळ्यातच मजुरांच्या गावात फिरून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. लग्न, दवाखाना, खतं-बियाणं, आधीचं देणं, याच काळात घरात पैशाची अडचण असते. त्याच्या बदल्यात दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर निघायचं आणि अंगावरचे पैसे फिटेपर्यंत तोडायचं.

हिशोब करून बघा. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. रोज दोन टन धरले तरी लाखभर उचल फेडायला २७३ टन, म्हणजे १३६-१३७ दिवस लागतात, तेही एकही सुट्टी न घेता. त्यात किराणा, औषधपाणी धरलेलं नाही. हंगाम पुरता चार महिने चालला तरी नशीब. मग बाकी राहते, आणि बाकी राहिली की पुढच्या साली त्याच मुकादमाकडे. जुनी बाकी वळती करून नवी उचल. लोक म्हणतात गरिबाला कुणी पैसे देत नाही. इथे तर आधी देतात, मोप देतात. तीच खरी ग्यानबाची मेख आहे.

आता आमच्या बाजूचं बघा. शेतकऱ्याच्या उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३४०० रुपये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत मिळाले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज. ते वेळेवर मिळतात असं नाही, त्यासाठी आंदोलनं करावी लागतात. पण भांडायला हातात एक कागद आहे, कारखान्यात शेअर आहे, संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत आहे. कोयत्याकडे यातलं काय आहे? कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार मजुराशी करतच नाही, वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करतो. त्यामुळे अवकाळी पाऊस पडून फड चिखलात गेला की कारखाना थांबतो, शेतकरी तोडीच्या पाळीची वाट बघतो, आणि कोप्यांत, फडाजवळच्या पाचटाच्या झोपड्यांत, बसलेल्या माणसांची उचल मात्र तिथंच राहते. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, तोटा सारखा वाटला जात नाही. माझ्या समजुतीप्रमाणे विषमता म्हणजे हे. कुणाकडे किती पैसे आहेत यापेक्षा वाईट दिवस कुणाच्या खात्यावर लिहिला जातो हे बघावं.

तोडीला येणाऱ्या टोळ्या बहुतेक मराठवाड्यातल्या बीडच्या. मग ऊस आमच्याकडे आणि कोयता बीडकडे, हे कसं ठरलं? आमच्या गावात याचं उत्तर ‘आपण कष्टाळू’ असं मिळतं. पहाटे चारला थंडीत मोळ्या उचलणाऱ्या बाईसमोर हे बोलायला जरा हिंमत लागते. खरं कारण पाण्याचं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी पश्चिम महाराष्ट्रात कालवे काढले. नीरा कालवा १८८५ चा, भंडारदरा धरण १९२६ चं. दुष्काळावरचा उपाय म्हणून आलेलं पाणी उसाकडे वळलं. १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि मागोमाग ठिकठिकाणी निघाले. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. पुढे गोदावरीवर जायकवाडी धरण झालं, पण बीडची पाटोदा, शिरूर कासार, धारूर ही गावं बालाघाटच्या डोंगरात. गोदावरीचं पाणी वर चढत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर गावंच्या गावं तोडीला निघायला लागली. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विकासाचा विभागवार अनुशेष मोजून दाखवला, म्हणजे सरकारलाही हे तेव्हापासून ठाऊक आहे.

त्यातही तोडीला कोण निघतं? वंजारी, बंजारा, दलित, भटके आणि कोरडवाहू तुकडा असलेला मराठाही. ज्याच्या वाट्याला मुळात जमीनच आली नाही किंवा आली ती माळाची, तो. जमीन कुणाकडे हे पिढ्यान्‌पिढ्या जातीनं ठरवलं, आणि कालव्यानं त्यावर शिक्का मारला.

परिणामांपैकी एक मी डोळ्यांनी पाहिलाय. पहिल्या हंगामात आमच्या टोळीत बारा-तेरा वर्षांची एक पोरगी होती. आईबाप फडात, ती कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायची. टोळीत वाचता येणारी तीच. संध्याकाळी माझ्याकडच्या चिठ्ठ्या घेऊन टनांची बेरीज करायची आणि मुकादमाच्या वहीशी ताडून बघायची. एकदा सव्वा टनाचा फरक तिनंच काढला. पुढच्या साली टोळी आली तेव्हा मी विचारलं, मावशी, पोरगी शाळेत घातली का? तिची आई म्हणाली, “लगीन करून दिलं भाऊ. मागं एकलीला कुणाच्या भरवशावर ठिवावं? सोबत आणावं तर हितं कोपीला दारबी नाही.” मी लगेच मनात नावं ठेवली. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो आणि त्याला वेगळी उचल मिळते, हे मला नंतर उमगलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांहून जास्त निघालं, ते वाचून मला नवल वाटलं नाही.

गर्भपिशव्यांचं तुम्ही वाचलं असेलच. २०१९ मध्ये बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमध्ये पाहिलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी साडेतेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. मासिक पाळीच्या त्रासानं खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड. फडात ना संडास, ना पाणी. दुखणं घेऊन गेलं की ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घालणारे डॉक्टर. प्रत्येकाने आपापल्या परीनं थोडा धक्का दिला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर उत्तर एकांगी होईल. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. म्हणून मजुरीवाढीच्या संपाला आमच्या गावात सहानुभूती नसते. वर टोळीवाले फडात खुशाली, म्हणजे मजुरीवर वरकड पैसे, मागतात, ट्रॅक्टरवाला गाडी फडात आणायचे ‘एन्ट्री’चे पैसे घेतो, मुकादम उचल घेऊन पळाला की वाहतूकदार कर्जात बुडतो. या तक्रारी खोट्या नाहीत. पण अडीच एकरवाला टनामागे शंभर रुपयांसाठी कोयत्याशी भांडतो आणि वरच्या, कारखान्याच्या हिशोबाबद्दल बोलत नाही, हाही विषमतेचाच एक परिणाम. भांडण नेहमी खालच्या पायरीवर होतं.

आता ऊसतोडीची यंत्रं येतायत, सरकारनं त्यांना अनुदानही दिलंय. गावात आनंद आहे, कारण मशीन खुशाली मागत नाही. परवा वडिलांना फोन करून विचारलं, आपल्या टोळीचं काय मग? ते म्हणाले, “येतीय की अजून. आपली सरी साडेतीन फुटाची हाय, मशीन बसत न्हाई.”